ज्याचा खिळा त्याच्या खणात

आमचे अण्णा १९४३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, पुण्यात शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात कामाला लागले आणि १९८८ साली तो बंद पडेपर्यंत तिथेच राहिले. पंचेचाळीस वर्षं त्यांनी शिशाचे खिळे जुळवले. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, चाचणी परीक्षांचे पेपर, सहकारी सोसायट्यांचे ताळेबंद, निवडणुकीची हँडबिलं, व्रतांच्या पोथ्या, दिवाळी अंकांतल्या कथा. ज्यांनी ते लिहिलं त्यांची नावं छापून आली. ज्यानं एकेक अक्षर उचलून ओळीत उभं केलं त्याचं नाव कुठल्याच पानावर नाही, आणि ते असावं असं अण्णांना कधी वाटलंही नाही. मला वाटतं. अण्णा चौऱ्याण्णव वर्षं जगले. त्यांच्या माघारी हे लिहायला बसले, त्याचं पहिलं कारण हेच.

आमचे आजोबा मुळशी खोऱ्यातले. सेनापती बापटांचा सत्याग्रह मोडला, टाटांच्या धरणाखाली गाव आणि जमीन गेली, तेव्हा आजोबा आजीला घेऊन पुण्यात आले आणि भवानी पेठेत पोती उचलायला लागले. गाठीला काही नव्हतं. गळ्यात तुळशीची माळ होती आणि घरात वारी होती. अण्णांच्या वाट्याला आलेली इस्टेट तेवढीच. सातवीची फायनल ते चांगल्या मार्कांनी पास झाले, पुढे शिकायची सोय नव्हती. अक्षर वळणदार होतं, शुद्धलेखन पक्कं होतं, म्हणून शाळेतल्या मास्तरांनी एका छापखान्याच्या मालकांना चिठ्ठी दिली. त्या चिठ्ठीवर आमचं सगळं घर उभं राहिलं.

हे काम काय असायचं ते आता समजावून सांगावं लागतं, कारण ते पाहिलेली माणसं फारशी उरली नाहीत. इंग्रजी जुळवणाऱ्यापुढे दोन केस असल्या की भागायचं. मराठीचं तसं नाही. अखंड टाइपात काना, मात्रा, वेलांटी, उकार यांच्यासकट अख्खं अक्षर एकाच खिळ्यावर असतं. शिवाय जोडाक्षरं. एका ‘क’चाच संसार केवढा, का, कि, की, कु पासून क्त, क्र, क्ष पर्यंत ज्याला त्याला वेगळा खण. जुळाऱ्याच्या समोर आणि दोन्ही हातांना अशा खणांच्या लाकडी केस मांडलेल्या असायच्या. अण्णांचा उजवा हात न बघता योग्य त्या खणात जायचा. डाव्या हातात स्टिक. तिच्यात खिळा डोकं खाली करून लावायचा, त्याच्या अंगावरची खाच बोटाला लागली की तो बरोबर बसला असं समजायचं, आणि अंगठ्यानं तो दाबून धरायचा, तोवर दुसरा आलेलाच असे. अक्षरं सगळी उलटी. ओळ भरत आली की शब्दांमधल्या फटी कमीजास्त करून ती दोन्ही कडांना घट्ट करायची, कारण सैल ओळीतला खिळा मशीनवर उडतो. मग ओळी गॅलीत मांडायच्या, दोऱ्यानं बांधायच्या, वरून शाईचा रूळ फिरवायचा आणि कागद दाबून पहिलं प्रूफ काढायचं. प्रूफात चूक निघाली की चिमट्यानं खिळा उपसून दुसरा घालायचा. दिवसभर हे उभ्यानं.

मुंबईच्या निर्णयसागरचं नाव घेताना अण्णा कानाच्या पाळीला हात लावायचे, गवई गुरूचं नाव घेताना लावतात तसा. जावजी दादाजी चौधरी लहानपणी टाइप घासायच्या कामाला लागले आणि पुढे त्यांनी स्वतःची फौंड्री आणि छापखाना उभारला, ही हकिगत आम्हा भावंडांना रामकृष्णांच्या गोष्टींच्या जोडीनं ऐकायला मिळाली. निर्णयसागरचं जुनं पुस्तक हाती आलं की अण्णा आधी मजकूर वाचत नसत. पान तिरकं धरून अक्षराचा ठसा कागदात किती उतरलाय ते बघत आणि मान हलवत.

त्यांचे हात मला पाठ आहेत. डाव्या अंगठ्याच्या पेराला एक खळगा पडला होता. उजव्या हाताच्या अंगठ्याची आणि पहिल्या दोन बोटांची टोकं कायमची काळी. घरी आल्यावर न्हाणीत बसून ते राख आणि चिंच लावून बोटं घासत. कातडी लाल व्हायची, काळं काही जायचं नाही. त्या बोटांचा डाग ज्ञानेश्वरीच्या पानाला लागू नये म्हणून ते पोथीचं पान करंगळीनं उलटायचे. करंगळी खिळ्याला लागत नाही, ती स्वच्छ राहते. आम्ही तिघंही भावंडं पुढे तशीच पानं उलटायला शिकलो. माझ्या बोटांना शाई कधी लागली नाही, तरी पोथी समोर आली की माझी करंगळीच पुढे होते.

पहाटे चारला उठून, नळावर अंघोळ करून, गोपीचंदन लावून ज्ञानेश्वरीच्या ओव्या वाचायच्या. संध्याकाळी निवडुंग्या विठोबाच्या देवळात हरिपाठ. महिन्याच्या दोन्ही एकादश्या. मामासाहेब दांडेकरांचं कीर्तन किंवा प्रवचन कुठे आहे असं कळलं की सायकल काढून तिकडे. एवढा माळकरी माणूस, तर काम करताना तोंडानं नाम चालू असेल, असं कुणालाही वाटावं. कुणी तरी त्यांना तसं विचारलंही होतं. अण्णा म्हणाले, “छे. एका वेळी एकच होतं. तोंडात विठ्ठल आणि हातात खिळा घेतला की दोन्हीकडे काना चुकतो.” केसपुढे उभे राहिले की त्यांचं तोंड मिटलेलं असायचं. एखाद्या धान्याच्या दुकानाचं बिलबुक जुळवतानाही तेच, हरिपाठाची पुस्तिका जुळवतानाही तेच. कामाला ते पूजा म्हणाले असं मला आठवत नाही. ते फक्त अर्धवट लक्षानं काहीच करत नसत, ना काम, ना भजन.

त्यांची भक्ती मवाळ होती असं मात्र कुणी समजू नये. १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं तेव्हा अण्णा वीस वर्षांचे होते, नोकरी नवी होती. छापखान्यात दोन्ही बाजूंची पत्रकं छापायला येत. अण्णांनी मालकांपुढे हात जोडले आणि सांगितलं, “विरोधाचं पत्रक मी जुळवणार नाही. त्या वेळेची मजुरी कापा.” मालकांनी ते पत्रक दुसऱ्याला दिलं आणि मजुरी खरोखरच कापली. त्याबद्दल अण्णांची मालकांवर काही तक्रार नव्हती. हिशेब चोख झाला, असं ते म्हणायचे.

हिशेब चोख. अण्णांचा सगळा स्वभाव मला या दोन शब्दांत सापडतो, आणि तो त्यांना छापखान्यातल्या एका कामानं लावला असावा असं माझं मत आहे. पान छापून झालं की ते रॉकेलनं धुऊन मोडायचं असतं आणि एकेक खिळा त्याच्या त्याच्या खणात परत टाकायचा असतो. जुळवण्याइतकंच हे महत्त्वाचं, पण यात कौतुक नाही, दिसण्यासारखं काही नाही, म्हणून ते नवशिक्या पोरांवर ढकलायची रीत होती. अण्णा आपलं पान शेवटपर्यंत आपणच मोडायचे. ‘घ’च्या खणात ‘ध’ गेला तर उद्या कुणाचं तरी ‘घर’ ‘धर’ होणार, आणि चूक करणारा तोवर घरी जाऊन जेवलेला असणार, असं ते सांगत. शेजारून वाटीभर साखर आली तर परत जाताना वाटी शीग भरून जायची. कुणाच्या लग्नात मिळालेला आहेर आईच्या नाही, अण्णांच्या लक्षात असायचा. कुणी पंढरपूरचा बुक्का आणून दिला तर त्याच्यासाठी आळंदीहून काही तरी आणल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आम्हाला हे लहानपणी जाचायचं. माणसानं कधी तरी नुसतं घ्यावं, असं वाटायचं.

आषाढात माउलींची आणि तुकोबांची पालखी पुण्यात मुक्कामाला आली की आमच्या नाना पेठेतल्या दोन खोल्यांत एक दिंडी उतरायची. जिन्यात, गच्चीवर, चुलीपुढे, जिथे अंग टाकायला जागा तिथे वारकरी. अण्णा कामावरून येऊन एकेकाच्या पायांना तेल लावून द्यायचे आणि लोक त्यांना धन्य म्हणायचे. इथे मला आईच्या बाजूनं बोललंच पाहिजे. त्या दोन दिवसांत आई चुलीपुढून उठत नसे. भाकऱ्यांची चळत तिच्या खांद्याला येई. पिठलं, भाकरी, मिरचीचा ठेचा, पुन्हा पिठलं. तिच्या डोळ्यांची धुरानं काय गत व्हायची ती मी जवळून पाहिली आहे. अण्णांचं पुण्य अर्धं तरी तिच्या भाकऱ्यांवर साचलेलं आहे. हे मी अण्णांना एकदा सरळ बोलून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, “अर्धं नाही गं. जास्त.”

स्वतः अण्णांना पूर्ण वारी घडत नव्हती. वीस दिवस रजा कोण देणार? आळंदी ते पुणे आणि पुणे ते सासवड एवढं चालायचं, दिवेघाट चढून माउलींना सासवडला पोचवायचं आणि रातोरात परत फिरून सकाळी आठला केसपुढे उभं राहायचं, हा त्यांचा नेम. १९६१ साली मालकांनी पहिल्यांदा पुरी रजा मंजूर केली. अण्णांनी आदल्या दिवाळीपासून जादा काम करून ती जणू आधीच फेडून ठेवली होती. आईनं शिदोरी बांधून दिली. चौतीस वर्षांचा माणूस, पण निघताना त्यांच्या तोंडावर शाळेच्या सहलीला निघालेल्या पोराचा आनंद होता, असं आई नेहमी सांगायची.

१२ जुलैच्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं. त्या लोंढ्यानं खडकवासलाही गेलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. आमचं घर नदीपासून दूर, आम्ही वाचलो. छापखाना बुडाला. पालखी तेव्हा नीरेच्या आसपास पोचली होती. दिंडीत बातमी आली ती अशी की पुणं वाहून गेलं. अण्णांनी वीणेकऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं आणि पाठ फिरवली. मिळेल त्या वाहनानं हडपसर गाठलं, तिथून चालत घरी. आम्ही सगळे धड आहोत हे डोळ्यांनी पाहिलं, पाणी प्याले आणि तसेच शनिवार पेठेत गेले. आई म्हणाली होती, घरचे सुखरूप आहेत, आता परत जाऊन पालखी गाठता येईल. अण्णा म्हणाले, “पुंडलिकानं त्याला थांबवलं होतं की नाही? थांबेल.”

छापखान्यात छताजवळ पाण्याची रेघ उमटली होती. लाकडी केस फुगून सांध्यांत उकलल्या होत्या आणि सगळा टाइप गाळात पडला होता. बारा पॉइंट, सोळा पॉइंट, मथळ्याचे मोठे खिळे, स्पेसा, रूळ, सगळं एकमेकांत. मालकांचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं: हा ढीग वजनावर मोडीत घालावा, येतील त्या पैशांत थोडा नवा टाइप घ्यावा. अण्णांनी दिवाळीपर्यंतची मुदत मागितली. मजुरी नको म्हणाले. मालकांनी अर्धी मजुरी चालू ठेवली, तेवढं त्यांचं मोठेपण मी नमूद करते.

मी तेव्हा सात वर्षांची होते आणि त्या पावसाळ्याचं मला लख्ख आठवतं. नळ कोरडे होते, पेठेतल्या जुन्या विहिरींवर रांगा लागत. छापखान्यात घमेल्यांतून खिळे धुवायचे, गोणपाटावर पसरून सुकवायचे, असं दिवसा चाले. संध्याकाळी अण्णा सायकलच्या कॅरियरला एक पिशवी बांधून घरी यायचे. शिसं जड, पिशवी लहानशीच असायची. जेवणं झाली की कंदिलापुढे ती ओतायची. पुठ्ठ्याच्या खोक्यांत, वाट्यांत, आईच्या मिसळणाच्या डब्यात आम्ही खिळे निवडून टाकायचो.

आईला अक्षरओळख नव्हती. पहिल्या दिवशी अण्णांनी तिच्या तळहातावर एक खिळा ठेवला आणि म्हणाले, “ह्याच्यासारखे तेवढे वेगळे काढ.” तो ‘म’ होता. गहू निवडण्यात जन्म गेलेली बाई. तिनं बघता बघता वाटी भरली. मग ‘न’ दिला. मग ‘भ’. ‘म’ आणि ‘भ’ यांतला फरक तिनं नखानं चाचपून पाहिला ते मला अजून दिसतं. आश्विन लागेपर्यंत तिला सगळी अक्षरं, बरीचशी जोडाक्षरंसुद्धा येत होती. मात्र येत होती ती खिळ्यावरची, म्हणजे उलटी. वर्तमानपत्र हातात दिलं तर तिला काही कळेना, ती रडवेली झाली. अण्णांनी पान फिरवलं, कंदिलासमोर मागच्या बाजूनं धरलं. उजेडात अक्षरं आरपार उमटली, तिच्या ओळखीची, उलटी. आईनं आयुष्यातला पहिला शब्द असा कागदाच्या पाठीमागून वाचला. पुढच्या वर्षी आषाढीला ती सरळ बाजूनं हरिपाठ वाचत होती. मी तेव्हा शाळेत दुसऱ्या-तिसऱ्या यत्तेत होते आणि मला त्यात विशेष काही वाटलं नाही. मोठी होऊन शिक्षिका झाले, किती तरी मुलांना अक्षरं शिकवली, तेव्हा कळलं की आमच्या घरात त्या पावसाळ्यात काय घडलं होतं.

दिवाळीला छापखाना चालू झाला. सगळा टाइप वाचला नव्हता, पण नव्या टाइपाची भर घालून काम निघेल इतका वाचला. पुरी रजा मागायचं अण्णांनी त्यानंतर नाव काढलं नाही. दर वर्षी सासवडपर्यंत, आणि मागे.

१९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नवे नियम आले. उच्चारात नसलेली अनुस्वारांची टिंबं गेली. ‘केलें’चं ‘केले’ झालं, ‘नाहीं’चं ‘नाही’. पुरातून धुऊन, निवडून काढलेले टिंबवाले खिळे हळूहळू खणांतच पडून राहायला लागले. अण्णा छापखान्यात नियम तंतोतंत पाळायचे, आणि घरचं पत्र मात्र शेवटपर्यंत टिंबं देऊन लिहायचे. मी वर्गात नव्या नियमांनी शिकवणारी. माझ्याशी वाद घालत नसत. ज्ञानेश्वरी उघडून एखादी ओवी दाखवत आणि एवढंच म्हणत, की हे टिंब काढलं तर कर्ता कोण आणि कर्म कोण हे शोधत बसावं लागेल.

१९७० साली मी मॅट्रिक झाले. आमच्या नात्यात मुलीला तेवढं पुष्कळ झालं असं मानायचे, स्थळंही यायला लागली होती. अण्णांनी मालकांकडून उचल घेतली आणि मला कॉलेजात घातलं. ती उचल फेडायला ते लग्नसराईत रात्री दहा-दहापर्यंत पत्रिका जुळवत. इतरांच्या मुलींच्या लग्नपत्रिका जुळवून त्यांनी स्वतःच्या मुलीचं शिक्षण केलं. माझ्या एकाही बक्षीससमारंभाला ते आले नाहीत, येऊ शकले नाहीत. तेव्हा मला त्याचा राग यायचा. बी.ए., मग बी.एड., मग नोकरी. पहिला पगार मी त्यांच्या पायांपाशी ठेवला. त्यांनी त्याला हात लावला, देवाला हात लावतात तसा, आणि परत माझ्याकडे सरकवला. “मालकांची उचल फिटलीय. बाइंडिंगच्या मावशींची धाकटी यंदा मॅट्रिकला बसतेय, तिची फी भर.” मी भरली. माझ्या शिक्षणाचं ऋण मी असं एका अनोळखी मुलीला फेडायला लागले, आणि ते काही पुरतं फिटलेलं नाही.

ऑफसेट आला, मग फोटोटाइपसेटिंग, मग काँप्युटर. मालकांच्या मुलानं १९८८ साली छापखाना बंद करायचं ठरवलं. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कामच येत नव्हतं. टाइप वजनावर विकला गेला होता, टेंपो यायचा दिवस ठरला होता. त्या शेवटच्या आठवड्यात अण्णा रोज वेळेवर कामाला गेले. गॅल्यांमध्ये जुळवून ठेवलेली बरीच पानं होती: दर वर्षी लागणारी पावतीपुस्तकं, एका देवस्थानाचा अहवाल, अर्धवट राहिलेली एक आरतीसंग्रहाची आवृत्ती. अण्णांनी ती एकेक करून रॉकेलनं धुतली, मोडली आणि सगळे खिळे त्यांच्या त्यांच्या खणांत परत टाकले. वितळायलाच जाणारा टाइप. भट्टीला ‘घ’ आणि ‘ध’ यांचा काय फरक? मी शाळेतून परस्पर तिथे गेले होते, त्यांना घरी न्यायला. केसपुढे उभे होते, एकसष्ट वर्षांचे, चष्मा कपाळावर, हात खाली न बघता चाललेला. मी म्हटलं, “अण्णा, आता कशाला?” ते म्हणाले, “मला ह्या केस भरलेल्या मिळाल्या होत्या.”

आठवण म्हणून एखादा खिळा ठेवून घ्यावा असं मी सुचवलं. माझ्या मनात त्यांच्या नावातली अक्षरं होती. अण्णांनी ठेवला नाही. वजन झालंय, पैसे ठरलेत, त्यातलं एक अक्षर कमी करणं म्हणजे चोरी. त्यामुळे आमच्या घरात आज त्या छापखान्यातला एकही खिळा नाही.

त्याच आषाढात त्यांनी पुरी वारी केली. सत्तावीस वर्षांनी. परत आले तेव्हा पाय फुटलेले, रंग रापलेला, वजन उतरलेलं. आईनं पायांवर पाणी घातलं. रात्री निजानीज झाल्यावर मला म्हणाले, “नीरेपर्यंतचा रस्ता मला माहीत होता गं. पुढचं सगळं नवीन होतं.” मग लोणंद, तरडगावच्या अलीकडचं चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, फलटण, माळशिरस, वाखरी, असं एकेक गाव ते सांगत बसले. इतकं सलग बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं. पंढरपुरात गर्दी इतकी, की गाभाऱ्यात जाता आलं नाही. कळसाला हात जोडून परत फिरले. त्याची हळहळ त्यांच्या बोलण्यात कुठेही नव्हती. पुढे वयाची ऐंशी उलटेपर्यंत त्यांची वारी चुकली नाही. आई गेली त्या वर्षीही नाही. तिच्या हातच्या भाकऱ्या खाल्लेले म्हातारे वारकरी वाटेत तिची आठवण काढायचे, तेव्हा रडू आलं असं त्यांनी मला सांगितलं. माझ्यासमोर ते कधी रडले नव्हते.

छापखाना गेला तरी अक्षर सुटलं नाही. धार्मिक पुस्तकं काढणारे दोन-तीन छोटे प्रकाशक त्यांच्याकडे प्रुफं पाठवायचे. काँप्युटरवरच्या चुका वेगळ्या जातीच्या असतात हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. खिळ्यांच्या काळात शेजारच्या खणातलं अक्षर चुकून यायचं. आता अख्खी ओळ दोनदा यायची, नाही तर एखादा परिच्छेदच नाहीसा व्हायचा. त्यांनी वाचायची पद्धत बदलली. मूळ प्रत शेजारी ठेवून ओळीओळीवर पट्टी धरायची. नव्वदीनंतर भिंग आलं. वेळ दुप्पट लागायचा, म्हणून त्यांनी प्रकाशकांना स्वतःहून दर निम्मा करायला लावला.

२०२० साली साथीमुळे पायी वारी झाली नाही. पादुका एस.टी.नं पंढरपूरला नेल्या. फुलांनी सजवलेली ती गाडी टीव्हीवर दिसली तेव्हा अण्णा खुर्चीतून उठून उभे राहिले, मला धरून, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभेच होते. “चालणारे थांबले, पण नेणाऱ्यानं नेलं ना,” म्हणाले. “त्या ड्रायव्हरचं केवढं भाग्य.” नंतर किती तरी दिवस ते त्या ड्रायव्हरबद्दल बोलत होते, त्याला रात्री झोप लागली असेल का, गाडी चालवताना त्याच्या मनात काय आलं असेल, असं.

पुढच्या वर्षी, पावसाळा सरताना, ते गेले. दोन दिवसांचा ताप, तिसऱ्या दिवशी पहाटे, त्यांच्या वाचनाच्या वेळेला. ती एकादशी नव्हती, कुठलीच पर्वणी नव्हती. भेटायला आलेल्यांतल्या काहींनी त्याबद्दल चुकचुक केली. मला ती आवडली नाही. ज्या माणसानं बिलबुक आणि हरिपाठ यांत फरक केला नाही, त्याला साधी तिथी का चालू नये?

तेरावा झाल्यावर एका प्रकाशकाचा माणूस संकोचत आला. संतांच्या अभंगांच्या एका छोट्या संग्रहाची प्रुफं अण्णांकडे राहिली होती. ती त्यांच्या टेबलावर होती, बाविसाव्या पानापर्यंत तपासलेली. मी म्हटलं, आठ दिवस द्या. आधी अण्णांची बावीस पानं मी पट्टी धरून मूळ प्रतीशी ताडून पाहिली, शिक्षिकेच्या सवयीनं. एकही चूक राहिली नव्हती. पण छापताना गळालेली जुनी अनुस्वारांची टिंबं त्यांनी समासात जागच्या जागी परत दिली होती, लाल शाईनं, भिंगाखाली, थरथरत्या हातानं. प्रकाशकाच्या माणसानं फोनवर विचारलं, की ही टिंबं घ्यायची का, नव्या नियमांत बसत नाहीत, आणि एवढी सगळी घालायची तर खर्च वाढेल. मी म्हटलं, मूळ प्रतीत आहेत. खर्च काय येईल तो मला सांगा. तेविसाव्या पानापासून पुढची टिंबं मी दिली.

पुस्तक निघालं तेव्हा त्यांनी घरी दोन प्रती पाठवल्या. एक मी दिंडीच्या वीणेकऱ्यांना दिली. दुसरी बाइंडिंगच्या मावशींच्या धाकटीकडे पाठवली. ती आता निवृत्त मुख्याध्यापिका आहे आणि तिच्या नातीला वाचायला शिकवते आहे.